व्हिडिओ गेम आणि बालवयातील लठ्ठपणा : संदर्भ जठारपेठ, अकोला

व्हिडिओ गेम आणि बालवयातील लठ्ठपणा : मोबाइल, संगणक किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर बसून खेळायचे खेळ आणि शाळकरी मुलांचे वाढते वजन यांच्यातील संबंध. असा संबंध आहे, पण घरोघरी समजला जातो तितका तो सरळ नाही आणि तितका मोठाही नाही. ज्या दिनक्रमात गेमला भरपूर जागा मिळते, त्याच दिनक्रमात वजन वाढायलाही जागा मिळते, एवढे आजवरच्या संशोधनावरून खात्रीने सांगता येते. हा दिनक्रम मोठ्या महानगरांपुरता राहिलेला नाही. वऱ्हाडातील अकोला, अमरावतीसारख्या शहरांत तो रुजला आहे. म्हणून येथे अकोल्याच्या जठारपेठेसारखी मध्यमवर्गीय वस्ती डोळ्यांपुढे ठेवली आहे.

जठारपेठ, रामदासपेठ, रतनलाल प्लॉट हा अकोल्याचा घरे, दुकाने, दवाखाने आणि शिकवणी वर्ग एकमेकांना लागून असलेला भाग. अकरावी-बारावी, नीट, जेईई यांच्या तयारीसाठी बुलडाणा, वाशीम जिल्ह्यांतूनही मुले अकोल्यात येतात, खोली करून राहतात आणि मेसचा डबा लावतात. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी सराव परीक्षा आणि रात्री खोलीवर मोबाइल, असा त्यांचा दिवस. स्थानिक मुलांचा दिवसही फारसा वेगळा नसतो. आठवी-नववीपासूनच संध्याकाळची वेळ शिकवणीने घेतलेली असते. मूल तासभर गेम खेळले की घरात आरडाओरडा होतो. तेच मूल सहा तास बाकावर बसून आले तर त्याचे कौतुक होते. शरीराला मात्र दोन्ही बसणी सारखीच.

त्यात उन्हाळा. अकोल्याचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले आणि खासगी शिकवणी वर्गांनी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत वर्ग घेऊ नयेत, असे सांगावे लागले. शाळेला सुट्टी, क्लास बंद, बाहेर झळा आणि घरात कूलर. अशा दुपारी मुलाच्या हाती मोबाइल जाणारच. वऱ्हाडातील उन्हाळी सुट्टी हा गेमचा हंगाम होण्यामागे आळसापेक्षा ऊन मोठे कारण आहे, हे दोष देण्याआधी लक्षात घ्यायला हवे.

पूर्वपीठिका : १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले. मारिओ, कॉन्ट्रा हे त्या पिढीचे खेळ. ज्याच्या घरी यंत्र असे, त्याच्याकडे गल्ली गोळा होई. खेळणारे दोन, पाहणारे दहा, आणि आई ओरडली की सगळे बाहेर. पुढे पार्लर आणि सायबर कॅफे आले. तेथे तासाचे पैसे मोजावे लागत, त्यामुळे खेळाला आपोआप हद्द होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि ती हद्द गेली. मार्च २०१८ मध्ये मोबाइलवरील पब्जी आला आणि गावखेड्यापर्यंत पोहोचला.

खरे वळण मार्च २०२० मध्ये आले. कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून आईवडिलांनीच मुलांच्या हाती फोन दिला. वऱ्हाडात ही बंदी जास्त लांबली. दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी अमरावती विभागाला लागली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्यात पुन्हा टाळेबंदी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय नावाने आली, जुलै २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली आणि मे २०२३ मध्ये परतली. या बंदी-परवानगीच्या फेऱ्यांत मुलांनी गेम बदलले. बसण्याची जागा बदलली नाही.

लठ्ठपणाची व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील ५ ते १९ वयोगटातील ३९ कोटींहून अधिक मुले जादा वजनाची होती, त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ. त्याच वर्षी भारतात या वयाची सुमारे सव्वा कोटी मुले लठ्ठ असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला, १९९० मध्ये ती चार लाखांच्या घरात होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ४.१ टक्के मुले जादा वजनाची आढळली; चौथ्या फेरीत हे प्रमाण १.९ टक्के होते. मात्र त्याच पाहणीत राज्यातील ३६.१ टक्के बालके कमी वजनाची होती. मेळघाटातील कुपोषण आणि शहरातील लठ्ठपणा अमरावती या एकाच जिल्ह्यात शेजारी नांदतात. म्हणून ‘आपल्याकडे कसला लठ्ठपणा’ हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक गुटगुटीत मुलामागे काट्याचा लकडा लावणेही चुकीचे.

भारतीय मुलांबाबत वजनकाट्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय बाळ जन्मतः हडकुळे दिसले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याच कारणाने भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढ-आलेखांत प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा जादा वजनाची आणि २७ शी जुळणारी रेषा लठ्ठपणाची मानली आहे. हे आकडे पाश्चात्त्य निकषांपेक्षा खालचे आहेत. हातापायांनी काटकुळे आणि पोटाने सुटलेले मूल वऱ्हाडात नवे नाही. अशा मुलाच्या कंबरेचा घेर जास्त बोलका असतो.

संबंधाचे स्वरूप : विदर्भातला सर्वात जवळचा पुरावा वर्ध्याचा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील भारती, देशमुख आणि गर्ग यांनी वर्धा शहरातील १० ते १७ वयाच्या २,५५५ विद्यार्थ्यांची तपासणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ३.१ टक्के मुले जादा वजनाची आणि १.२ टक्के लठ्ठ निघाली. ज्या गोष्टी वजनाशी ठळकपणे जुळल्या त्या अशा : शहरी वास्तव्य, आईवडिलांची नोकरी किंवा व्यवसाय, इंग्रजी माध्यमाची शाळा, आणि दिवसाला अर्ध्या तासाहून कमी मैदानी खेळ. हे वर्णन आजच्या जठारपेठेतील कित्येक घरांना लागू पडेल. आणि त्या काळी मुलांच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. म्हणजे फोन येण्याआधीच मैदान सुटले होते. रिकाम्या झालेल्या जागेत फोन नंतर येऊन बसला.

गेमचा स्वतःचा वाटा किती? अमेरिकेतील व्हँडेवॉटर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात १ ते १२ वयाच्या २,८३१ मुलांत टीव्हीचा वजनाशी संबंध दिसला नाही. व्हिडिओ गेमचा दिसला, पण वाकडातिकडा. जास्त वजनाची मुले मध्यम वेळ खेळणारी होती, तर फार कमी आणि फार जास्त खेळणारी मुले वजनाने हलकी होती. मार्कर, ग्नाम्ब्स आणि आपेल यांनी २० अभ्यासांतील ३८,०९७ जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा गेम आणि वजन यांचा संबंध अगदी क्षीण निघाला : वजनातील फरकाचा एक टक्काही गेमच्या वेळेने उलगडत नाही. तोही संबंध प्रौढांत होता. मुलांत जवळपास नव्हता. गेम खेळतो म्हणून जाड झालास, असे मुलाला ऐकवणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा.

मग चिंता कशाची? खाण्याची. कोपनहेगनमध्ये शापू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २२ किशोरवयीन मुलांना एक तास फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळायला दिला, आणि दुसऱ्या वेळी एक तास नुसते बसवले. गेमनंतरच्या जेवणात मुलांनी सुमारे ८० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. भूक मात्र वाढलेली नव्हती. गेम खेळताना मेंदू गुंतलेला असतो, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि नंतरही हात चिप्सच्या पाकिटाकडे जातो. आपल्याकडे क्लास सुटल्यावर चौकातील कचोरी किंवा आलुबोंडा, खोलीवर थंड पेयाची बाटली, आणि मेसचा डबा मोबाइल समोर उभा करून. खाणे काय आहे याइतकेच ते कशासमोर बसून खाल्ले जाते, यालाही महत्त्व आहे.

याची खात्री एका जुन्या प्रयोगाने दिली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे थॉमस रॉबिन्सन यांनी दोन शाळांतील तिसरी-चौथीच्या १९२ मुलांवर प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका शाळेत सहा महिने टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेमची वेळ कमी करण्याचे धडे दिले, दुसऱ्या शाळेत काही केले नाही. पहिल्या शाळेतील मुलांचा बीएमआय कमी वेगाने वाढला. त्या मुलांची धावपळ फारशी वाढल्याचे दिसले नाही. टीव्हीसमोरची जेवणे मात्र कमी झाली होती.

दुसरा मार्ग झोपेचा. रात्री मित्र ऑनलाइन येतात ते अकरानंतर. दीड-दोनला झोप आणि सकाळी सहाला क्लास. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटते, आणि दुसऱ्या दिवशी गोड-तेलकटाची ओढ लागते. जठारपेठेतील पालकांनी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचे ठरवले, तर ती झोप असावी.

तिसरी बाजू उलट दिशेची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जाड मुलाला संघात शेवटी निवडतात, त्याला नावे ठेवतात, धावताना हसतात. ते मूल मैदान सोडते आणि गेमकडे वळते, कारण तेथे त्याचे शरीर कोणी पाहत नाही. अशा मुलाचा फोन काढून घेतल्याने त्याचे वजन उतरत नाही. त्याचा एकमेव सोबती जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, १ जानेवारी २०२२ पासून, गेमिंगच्या विकाराला स्थान आहे; पण त्याची लक्षणे ताबा सुटणे आणि इतर सगळे आयुष्य मागे पडणे ही आहेत. रोज तासभर खेळणारे मूल त्यात बसत नाही.

हालचालीचे गेम : २००६ मध्ये निन्टेंडोचे वी हे यंत्र आले आणि उभे राहून, हात हलवून खेळायचे गेम लोकप्रिय झाले. ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोजले, तेव्हा बसून खेळण्यापेक्षा ऊर्जा नक्कीच जास्त खर्च होत होती. पण खऱ्या खेळाइतकी नव्हे. २०१६ च्या पोकेमॉन गो या गेमने तरुणांना रस्त्यावर चालायला लावले, तरी सहाव्या आठवड्यापर्यंत पावलांची संख्या पूर्ववत झाल्याचे आढळले. हे गेम वाईट नाहीत. मैदानाची जागा ते घेऊ शकत नाहीत, एवढेच.

वऱ्हाडाकडील उपाय : या बाबतीत वऱ्हाडाला दूर पाहायची गरज नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब यांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. आट्यापाट्या आजही विदर्भात नेटाने खेळल्या जातात. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण आहे. आट्यापाट्यांना बॅट लागत नाही, महाग बूट लागत नाहीत; आखलेली जमीन आणि दोन संघ पुरतात. शिवाय उन्हाळ्यातही त्या सकाळी सहाला किंवा दिवे असतील तर रात्री आठला खेळता येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयातील मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते, पाच वर्षांपर्यंत एक तासाच्या आत आणि दहापर्यंत दोन तासांच्या आत. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन गेमला आठवड्याला साधारण तीन तासांची मर्यादा घातली. भारताचा ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या गेमवर बंदी घालतो. मुलांनी किती वेळ खेळावे हा त्याचा विषय नाही. ते घरालाच ठरवावे लागते. जेवताना फोन नको, रात्री दहानंतर फोन मुलाच्या खोलीबाहेर, आणि गेमची वेळ मैदानानंतर, हे तीन नियम कोणत्याही घरात पाळता येतात; मोठ्यांनी आधी पाळले तर.

घरांच्या हातात नसलेल्या गोष्टी दोन आहेत : जागा आणि वेळ. अकोल्यातील शाळा-महाविद्यालयांनी वर्ग सुटल्यानंतर आपली मैदाने दोन तास वस्तीतील मुलांसाठी उघडी ठेवावीत, आणि शिकवणी वर्गांनी संध्याकाळी सहा ते सात हा एक तास कोणताही वर्ग न घेता मोकळा सोडावा, ही कळकळीची विनंती.