एक आसन, पाच केंद्रे : मिडलवेअरचे न दिसणारे काम

वास्कोहून निघालेली अमरावती एक्स्प्रेस दूधसागरचा घाट चढून लोंढा आणि धारवाडमार्गे हुबळीला पोहोचते. तेथून गदग, होसपेट, गुंटकल, विजयवाडा असा प्रवास करीत ती कोलकात्याकडे जाते. या गाडीचे आसन कोणी मडगावच्या खिडकीवर मागतो, कोणी हुबळीच्या, कोणी कोलकात्याच्या, तर कोणी घरबसल्या मोबाइलवर. उरलेले एकच आसन चौघांनी एकाच क्षणी मागितले, तरी ते एकालाच मिळते. ही शिस्त राखण्यात ज्या आज्ञावलीचा मोठा वाटा असतो, तिला मिडलवेअर म्हणतात.

व्याख्या

मिडलवेअर म्हणजे मधला थर. याच्या एका बाजूला खिडकीवरील संगणक किंवा मोबाइलमधील अ‍ॅप असते, तर दुसऱ्या बाजूला माहितीचा मूळ साठा. मोठ्या यंत्रणा एका बैठकीत उभ्या राहत नाहीत. त्यांचे भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या संगणकीय भाषांत घडलेले असतात. प्रत्येक भाग इतर प्रत्येकाशी थेट जोडायचे ठरवले, तर जोडण्यांची संख्या झपाट्याने वाढते. पाच भागांना दहा जोडण्या पुरतात. पन्नास भागांना 1,225 लागतात. मधला थर असला की प्रत्येक भागाला केवळ त्याच्याशी बोलता आले तरी पुरते. संदेश योग्य ठिकाणी नेणे, भाषांतर करणे, ओळख पटवणे आणि अर्धवट राहिलेले काम निस्तरणे ही त्याची मुख्य कामे होत.

पाच केंद्रांची कथा

रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. परंतु ती एकमेकांपासून अलग होती. एका केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राकडील गाडीचे आरक्षण सहज होत नसे. हुबळी विभाग त्या काळी दक्षिण मध्य रेल्वेत होता आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला होते. हुबळी मुख्यालय असलेली नैऋत्य रेल्वे 1 एप्रिल 2003 पासून अस्तित्वात आली. वास्को ते कुळे हा गोव्यातील लोहमार्ग आज तिच्याच हुबळी विभागात मोडतो.

रेल्वेची संगणक संस्था ‘क्रिस’ हिने ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी आज्ञावली तयार केली. एप्रिल 1999 मध्ये तिच्या आधारे पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. सर्व नोंदी एका महासंगणकात ओतण्याचा मार्ग येथे स्वीकारला गेला नाही. प्रत्येक गाडीची नोंदवही एका ठरावीक केंद्रातच राहिली. खिडकीवरील मागणी मात्र कोठूनही त्या केंद्रापर्यंत पोहोचू लागली. या जोडणीसाठी मधला थर म्हणून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ वापरण्यात आले. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे : मागणी घेणारा पुढचा भाग, वाट दाखवणारा मधला भाग आणि नोंद करणारा मागचा भाग. नोंदवही नेमकी कोठे आहे, हे खिडकीवरील कर्मचाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

‘झाले’ किंवा ‘झाले नाही’

खरा प्रश्न संदेश पोहोचवण्याचा नसून अर्धवट पोहोचण्याचा असतो. आसनाची नोंद झाली आणि तिकीट छापण्यापूर्वी तार तुटली तर? किंवा मागणी दोनदा पोहोचून दोन आसने अडकली तर?

यावर संगणकशास्त्राने काढलेला तोडगा आपल्याकडील सोयरिकीसारखा आहे. मध्यस्थ आधी दोन्ही घरांचा होकार घेतो. दोन्हीकडून शब्द मिळाल्याशिवाय सुपारी फुटत नाही. मिडलवेअरही व्यवहारातील प्रत्येक भागाला प्रथम विचारते, ‘तयार आहात काय?’ सर्वांचा होकार आला तरच ‘नोंद करा’ असा आदेश सुटतो. एकाने जरी नकार दिला, तरी सारे पूर्वस्थितीला येतात. प्रत्येक पाऊल रोजनाम्यात लिहिलेले असल्यामुळे वीज गेली तरी यंत्र पुन्हा सुरू होताच राहिलेला निर्णय पूर्ण करता येतो. या हमीची किंमतही असते. उत्तराची वाट पाहताना आसन अडकून राहते आणि गर्दीच्या वेळी रांग लांबते.

प्रत्येक कामाला एवढी कडक शिस्त लागत नाही. विभागीय नियंत्रण कक्षात गाडीच्या वेळा नोंदल्या जातात आणि तीच माहिती प्रवाशांसाठीच्या गाडी चौकशी सेवेकडे जाते. ती काही क्षण उशिरा पोहोचली तरी फारसे बिघडत नाही. अशा कामासाठी संदेशांची रांग लावणारे मिडलवेअर वापरता येते. पाठवणारा संदेश ठेवून आपल्या कामाला लागतो आणि घेणारा सवडीने तो उचलतो. कोणत्या कामाला उशीर परवडतो आणि कोणत्या कामाला चूक परवडत नाही, हे ओळखणे हेच जोडणीच्या आखणीतील कौशल्य होय.

पैसे गेले, तिकीट नाही

या व्यवस्थेची मर्यादा ई-तिकीट काढताना उघडी पडते. खात्यातून रक्कम वजा होते आणि तिकीट मात्र मिळत नाही. याचे कारण असे की, रेल्वेची केंद्रे एका मालकाच्या छत्राखाली असल्यामुळे त्यांचा होकार एकत्र घेता येतो. बँक ही स्वतंत्र संस्था आहे. रेल्वेच्या उत्तरासाठी ती आपली नोंदवही अडकवून ठेवत नाही. त्यामुळे येथे एकत्रित होकाराऐवजी मागाहून दुरुस्तीचा मार्ग पत्करावा लागतो : हिशेब ताडून पाहायचे आणि रक्कम परत करायची.

ग्राहकाच्या हाती याबाबत एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन खरेदीत कार्डाने किंवा यूपीआयने रक्कम वजा होऊनही विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत झाली पाहिजे. त्यापुढील विलंबासाठी दररोज 100 रुपये भरपाई ठरवून दिलेली आहे.

जुना पाया, नवे ओझे

आयआरसीटीसीची नवी ई-तिकीट यंत्रणा 2014 मध्ये आली आणि मिनिटाला 2,000 तिकिटांची क्षमता 7,200 वर गेली. या बदलाने प्रवेशद्वार रुंद झाले. आसनांची मूळ नोंदवही मात्र पूर्वीच्याच केंद्रांत राहिली. 2010 पासून ही केंद्रे इटॅनियम संगणकांवर आणि ओपन व्हीएमएस प्रणालीवर चालत आली. आता तो पाया बदलून मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे देण्याचे उद्दिष्ट रेल्वेने जून 2025 मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा सांगितलेली क्षमता 32,000 होती.

धावती गाडी न थांबवता तिची चाके बदलावीत, तसे हे काम आहे. अशा यंत्रणेच्या यशाची मोजणी बहुधा वेगाच्या आकड्यांवरून होते. परंतु हुबळीच्या 1,507 मीटर लांबीच्या फलाटावर रात्री उतरून पुढची गाडी धरणाऱ्या गोमंतकीय प्रवाशाच्या दृष्टीने कसोटी वेगळी आहे. तिकिटावर छापलेल्या आसनावर दुसरा कोणी त्याच क्रमांकाचे तिकीट घेऊन बसलेला नसावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती गेली पंचवीसहून अधिक वर्षे सांभाळण्यात या मधल्या थराचा मोठा वाटा आहे. नव्या यंत्रणेलाही वेग वाढवण्याआधी हीच हमी द्यावी लागेल.