एक कोटी चिठ्ठ्यांचे दालन

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक दालन आहे. त्यास ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथे वर्णानुक्रमाने लावून ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर एक संस्कृत शब्द, त्याचे अवतरण आणि ग्रंथाचा निर्देश.

1934 साली सरकारने हे कॉलेज बंद केले होते. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि 1939 साली ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. भाषाशास्त्र हा तिचा एक प्रमुख विषय ठरला. तेथेच 1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचा संकल्प केला. ऋग्वेदापासून पुढे शब्दाचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे त्यात कालक्रमाने दाखवावयाचे होते. सुमारे दीड हजार ग्रंथ वेचण्यातच पंचवीस वर्षे गेली. पहिला भाग निघाला 1976 साली. आणि कोश अद्यापि ‘अ’ या अक्षरातच आहे!

आम्हा सरकारी नोकरांना वार्षिक प्रगतिअहवालाची सवय. ‘हे संपणार केव्हा?’ असे माझ्याही मनात आले. परंतु अनु, अभि, अव, अधि हे सारे उपसर्ग आणि ‘अ’ने नकार दाखविणारे अगणित समास या एकाच अक्षराखाली येतात, हे अनुदानाच्या फायलीत कोण लिहितो?

अलीकडे चिठ्ठ्या संगणकावर चढविण्यात आल्या आहेत. यंत्रामुळे चिठ्ठी चटकन सापडते. तिच्यातील अर्थ आधीचा की नंतरचा, याचा निवाडा मात्र संपादकच अवतरणे पुढे मांडून करीत बसतो.