तांबडा रंग : कुंकवाचा आणि आलवणाचा

भगिनींनो, तांबडा रंग सौभाग्याचा, हे आपण इतके गृहीत धरतो की त्याला दुसरी बाजू असेल असे मनातही येत नाही. पण महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला जे आलवण नेसावे लागे, तेही तांबडेच! लहानपणी आजोळी मी अशा एक आजी पाहिल्या आहेत. अंगावर तांबडे जाडेभरडे लुगडे, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, कपाळ मोकळे. सोवळ्याच्या स्वयंपाकाला त्या हव्या असत. मंगलकार्यात मात्र समोर यायला नकोत.

बंगालमध्ये हाच रंग उलट बाजूने गेला. तेथे विधवेला पांढरे वस्त्र आणि लाल काठ सधवेचा. चीनमध्येही वधू तांबड्यात व सुतक पांढऱ्यात. रशियन भाषेत तर तांबड्याचा शब्द पूर्वी ‘सुंदर’ या अर्थीही चाले. मॉस्कोतील ‘लाल चौक’ हे नाव त्या अर्थाचे, क्रांतीच्या फार आधीचे. आपल्या कसाऱ्याला 1861 साली आगगाडी आली, तिच्याबरोबर तांबड्याचा आणखी एक अर्थ आला : थांबा, पुढे धोका आहे. हा मात्र पोराबाळांनाही कळतो.

मग आलवणातला अर्थ रंगाचा की माणसांचा? आपल्याकडील बहुतेक कष्टकरी समाजांत पाट लावण्याची चाल असल्याने आलवण नव्हते. कुंकू पुसणे मात्र तेथेही होते. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे आलवण गेले, केशवपन गेले. कुंकू पुसणे राहिले.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवेचे कुंकू पुसणे व बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. कुंकू तरी काय? हळदच ती, खाराचा स्पर्श झाला की लाल होते. आणि हळद तर आपण सगळ्याच रोज हाताळतो.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी घरांवरून करावी, कुंकवावरून नव्हे, अशी माझी सूचना कार्यकारिणीपुढे आहे.