देऊळ, देह आणि वार : कपिलधारच्या निमित्तानें

बीडनजीक मांजरसुंब्याच्या बाजूस, बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार हें क्षेत्र आहे. कड्यावरून पडणारी पाण्याची धार, मन्मथस्वामींची समाधि आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा यांमुळें तें प्रसिद्ध आहे. देवळाची रचना ही ईश्वरनिर्मित सृष्टीच्या रचनेचीच प्रतिकृति होय, हें मत अनेक देशांत प्राचीन काळापासून आढळतें. त्या मताची कसोटी पाहण्यास हें स्थळ विशेष उपयोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडे सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत देवालयाची भूमि ६४ पदांत विभागण्यास सांगितलें आहे. मधलीं चार पदें ब्रह्मदेवाचीं आणि भोंवतालीं इतर देवता, अशी ती मांडणी आहे. म्हणजे पाया आंखतांनाच जागेस विश्वाचें रूप येतें.

यहुदी परंपरेंतहि हाच विचार दिसतो. बायबलांतील वर्णनाप्रमाणें यरुशलेम येथील शलमोनाचें मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद व ३० हात उंच होतें. आंतील परमपवित्रस्थान तिन्ही बाजूंनीं २० हात, म्हणजे पूर्ण घनाकृति होतें. भिंतींवर खजुरीचीं झाडें व उमललेलीं फुलें कोरलेलीं होतीं. मंदिरापूर्वीच्या निवासमंडपाविषयीं पहिल्या शतकांतील इतिहासकार जोसीफस यानें लिहिलें आहे कीं, त्याचे दोन भाग पृथ्वी व समुद्र यांचे आणि तिसरा स्वर्गाचा द्योतक होय. सात दिवे म्हणजे सात ग्रह आणि बारा भाकरी म्हणजे बारा महिने, असाहि अर्थ त्यानें लाविला.

परंतु विश्वाचा क्रम दगडांत बसविला कीं दोन अडचणी उत्पन्न होतात. एक, दाराशीं अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. यरुशलेमच्या परमपवित्रस्थानांत फक्त मुख्य याजक, तोहि वर्षांतून एका दिवशीं, जात असे. आमच्या गाभाऱ्यांच्या उंबरठ्याबाहेरहि कितीकांस थांबावें लागलें, हें सांगणें नकोच. दुसरी अडचण अशी कीं, दगड पाडतां येतो. शलमोनाचें मंदिर बाबिलोनच्या सैन्यानें ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास जाळलें, आणि दुसरें मंदिर रोमन सैन्यानें इ. स. ७० मध्यें नष्ट केलें. मग तो क्रम कोठें गेला?

याचें एक उत्तर आमच्या कोंकणांतच आहे. तेथील मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक तेलाचा धंदा करीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. सहा दिवसांत सृष्टि निर्माण करून सातव्या दिवशीं ईश्वरानें विश्रांति घेतली, ही कथा त्या थांबलेल्या घाण्यांत जिवंत होती. त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर मुंबईस १७९६ मध्यें झालें. तत्पूर्वीं त्यांचें देऊळ म्हणजे तो वारच होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरें उत्तर कपिलधारचें. बाराव्या शतकांत कल्याण येथें बसवेश्वरांनीं देहालाच देवालय मानण्याचा विचार मांडला. वीरशैव परंपरेंत इष्टलिंग अंगावर धारण करतात, आणि स्त्रियांसहि तो अधिकार आहे. भक्तापासून ऐक्यापर्यंतचीं सहा स्थलें हा येथील क्रम. त्याची मोजणी हातांनीं व पदांनीं होत नसून साधकाच्या आचरणानें होते. सोळाव्या शतकांत मन्मथस्वामींनीं ‘परमरहस्य’ या ग्रंथाच्या द्वारें हें तत्त्वज्ञान मराठींत आणलें.

यावर कोणी म्हणेल कीं, देह हेंच देऊळ, तर समाधीवर मंदिर कशास? आक्षेप योग्य आहे. परंतु येथें चालत येणारा वीरशैव यात्रेकरू आपला देव आधींच छातीवर घेऊन आलेला असतो. त्याला ईश्वरापर्यंत पोंचविण्याचें काम हें मंदिर करीत नाहीं. ज्यांनीं तो मार्ग मराठींत सांगितला, त्यांचें स्मरण तें देतें.

म्हणून देवालयांच्या अभ्यासकांस आमची विनंति इतकीच कीं, पाया व शिखर मोजून काम संपलें असें समजूं नये. तें देऊळ पडलें असतां त्याच्या उपासकांजवळ काय उरलें असतें, हेंहि विचारावें. कोंकणांतील घाणा व कपिलधारची वाट यांनीं त्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें दिलेलें आहे.