खानदेशच्या प्रतिभाताई

१९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. त्या वेळीं त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यांतील नाडगांवच्या नारायणराव पाटलांच्या घरीं दोन वर्षांची एक मुलगी होती. फैजपूरचा आणि तिचा संबंध ओढूनताणून जोडण्याचें कारण नाहीं. तरीपण ज्या खेड्यापाड्यांकडे राष्ट्रीय सभा तेव्हां वळली, त्यांतूनच भारताची पहिली स्त्री राष्ट्रपति पुढें यावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा. जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांत त्या शिकल्या. तेथें टेबल टेनिसमध्येंही त्यांनीं नांव मिळविलें. मुंबईस कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं जळगांवच्या न्यायालयांत वकिली आरंभिली आणि १९६२ मध्यें, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, जळगांवांतून त्या विधानसभेवर निवडून आल्या. १९६५ मध्यें देवीसिंह शेखावत यांच्याशीं विवाह झाल्यावर त्यांचें सासर अमरावती झालें; मतदारसंघ मात्र खानदेशांतच राहिला. संत मुक्ताबाईंच्या स्थानामुळें पुढें मुक्ताईनगर हें नांव पावलेल्या एदलाबादनें १९६७ पासून लागोपाठ चार वेळां त्यांना निवडून दिलें.

मंत्रिमंडळांत आरोग्य, दारूबंदी, समाजकल्याण, पुनर्वसन, शिक्षण अशीं खातीं त्यांच्या वाट्यास आलीं. या खात्यांनीं मोठे मथळे मिळत नाहींत, परंतु राज्यकारभार अंगवळणीं पडतो तो येथेंच. खरी परीक्षा झाली ती १९७९ सालीं. राज्यांत शरद पवारांचें पुलोद मंत्रिमंडळ अधिकारावर होतें आणि विरोधी पक्षाचें नेतृत्व प्रतिभाताईंकडे आलें. ज्या सभागृहांत मंत्री म्हणून वर्षानुवर्षें उत्तरें दिलीं, तेथेंच आतां प्रश्न विचारावयाचे होते. १९८० च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांनीं तें पद सांभाळलें.

पुढें राज्यसभेचें उपसभापतिपद, १९९१ मध्यें अमरावतींतून लोकसभा, आणि २००४ मध्यें राजस्थानचें राज्यपालपद. तेथील सरकारनें २००६ मध्यें संमत करून घेतलेल्या धर्मांतरविरोधी विधेयकावर त्यांनीं सही केली नाहीं. राज्यपाल म्हणजे सहीचा शिक्का, असें मानणारांस तें रुचलें नाहीं.

२००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत त्यांना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्यें मिळालीं. शिवसेना विरोधी आघाडींत असूनही मराठी उमेदवार म्हणून त्यांच्या बाजूस राहिली. ‘राष्ट्रपति’ हा शब्द स्त्रीस कसा लावावा, याचाही वाद मराठींत रंगला. वास्तविक ‘पति’ म्हणजे येथें स्वामी, नवरा नव्हे! २००९ मध्यें वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं पुण्याच्या लोहगांवहून त्यांनीं सुखोई विमानांतून उड्डाण केलें. परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि फांशीच्या अनेक शिक्षा जन्मठेपेंत बदलण्यावरूनही.

४ जून २००९ रोजीं संसदेसमोरील अभिभाषणांत स्त्रियांच्या राखीव जागांचें विधेयक लौकर संमत व्हावें म्हणून शंभर दिवसांत पावलें टाकण्याचें सरकारचें आश्वासन त्यांनींच वाचून दाखविलें. २०१० मध्यें राज्यसभेनें तें विधेयक संमत केलें; लोकसभेंत तें अडलें. जुलै २०१२ मध्यें त्या पायउतार झाल्या तेव्हां तें तसेंच पडून होतें. घटनादुरुस्ती झाली ती २०२३ मध्यें, आणि तीही जनगणना व मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत राखीव जागा लागू होऊं नयेत या अटीवर.