हरवलेल्या क्लोरीनचा शोध



अमेरिकेंत कित्येक घरांच्या मागील अंगणांत पोहण्याचे लहान तलाव असतात. हिवाळा संपला कीं त्यांवरील आच्छादनें निघतात आणि तेथें दरवर्षीं एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येते. मालकानें संध्याकाळीं मोजून क्लोरीन घालावें, परीक्षेच्या नळींत योग्य तो रंग उमटलेला पाहून निश्चिंतपणें झोपावें, आणि सकाळीं पाहावें तों पाण्यांत क्लोरीनचा मागमूसहि नाहीं! तलाव गळत नाहीं, पाणी आरशासारखें नितळ आहे, रात्रीं कोणी पोहावयास उतरलेलें नाहीं. मग औषध गेलें कोठें?

हा प्रश्न वरवर पाहतां सुखवस्तु माणसाच्या चैनीचा वाटेल. पण मोठमोठ्या शहरांना पाणी पुरविणाऱ्यांनाहि एके काळीं हाच प्रश्न पडला होता, आणि तेथें उत्तर चुकलें तर त्याची किंमत विषमज्वराच्या रोग्यांत मोजावी लागे. ह्या हरवलेल्या क्लोरीनच्या शोधाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

स्वीडनमधील शेले ह्या रसायनज्ञानें १७७४ सालीं हा हिरवट पिवळा वायु प्रथम तयार केला. पुढें १७८५ त बेर्तोले ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचें पाण्यांतील द्रावण उन्हांत ठेवून पाहिलें. द्रावणांतून बुडबुडे निघूं लागले. तो प्राणवायु होता. आणि मागें पाण्यांत राहिलें तें केवळ मिठापासून निघणारें नेहमींचें आम्ल. क्लोरीन नाहींसें झाल्याची ही प्रसिद्ध अशी जुनी नोंद होय. परंतु बेर्तोलेनें तिचा अर्थ निराळाच लावला. हा वायु म्हणजे त्या आम्लाचा व प्राणवायूचा संयोग असला पाहिजे, असें त्यास वाटलें. वस्तुतः तो प्राणवायु पाण्यांतून आलेला होता. ह्या समजुतीला जोराचा धक्का बसावयास १८१० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं हंफ्री डेव्ही ह्यानें हें स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचें प्रतिपादन केलें आणि फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘क्लोरीन’ हें नांव दिलें.

क्लोरीनचा पहिला उपयोग कापड पांढरें करण्याकडे झाला. ग्लासगोच्या टेनंटनें १७९९ त ‘ब्लीचिंग पावडर’चें पेटंट घेतलें. आपल्या खेडोपाडीं विहिरींत टाकतात ती पावडर ह्याच कुळांतली. १८४७ त व्हिएन्ना येथें सेमेलवाइसनें डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें आणि प्रसूतिगृहांतील मृत्यु झपाट्यानें कमी झाले. इंग्लंडांत मेडस्टन येथें १८९७ त सुमारे १९०० माणसें विषमज्वरानें आजारी पडलीं, तेव्हां नळांतून ही भुकटी खेळवून ते शुद्ध करण्यांत आले. लिंकन शहरांत १९०५ त अशीच सांथ आली असतां अलेक्झांडर ह्यूस्टन ह्यांनीं पिण्याच्या पाण्यांत सतत क्लोरीन सोडण्यास आरंभ केला. आणि १९०८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील जर्सी सिटी शहरासाठीं डॉ. जॉन लील ह्यांनीं रोजच्या सुमारें चार कोटी गॅलन पाण्यास हा उपाय लागू केला. प्रकरण न्यायालयांत गेलें. परंतु न्यायालयानें ही पद्धत ग्राह्य मानली, आणि मग शहरामागून शहर तिचा स्वीकार करूं लागलें.

येथूनच खरी अडचण सुरू झाली. एका गांवीं जें प्रमाण पुरेसें ठरे, तेंच दुसऱ्या गांवीं निरुपयोगी होई. एकाच नदीचें पाणी उन्हाळ्यांत थोडक्यावर भागे, तर पुरानंतर वाटेल तितकें क्लोरीन गिळून टाकी. कारण क्लोरीन जंतूंनाच तेवढें ओळखत नाहीं. पालापाचोळ्याचा अर्क, लोह, गंधकाचे पदार्थ, जें कांहीं त्याला वाटेंत भेटेल त्यावर तें खर्च होतें. मेरीलंडमधील एबल वोलमन व लिन एन्स्लो ह्यांनीं १९१९ त ह्यावर सोपा पण मूलगामी तोडगा सुचविला. पंगतींत पानें किती मांडलीं आहेत हें न पाहतां भात शिजविणारा आचारी जसा फजीत पावतो, तसेंच हें आहे. आधीं पाण्याची भूक मोजा. ती भागवून वर थोडें शिल्लक राहील एवढें क्लोरीन घाला. घातलेलें किती ह्याला महत्त्व नाहीं, उरलेलें किती ह्याला आहे.

परंतु हें उरलेलें तरी कसें ओळखावें? १९१३ त एल्म्स आणि हाउसर ह्यांनीं ऑर्थोटोलिडीनची कसोटी प्रचारांत आणली. ह्या द्रव्याचे थेंब टाकतांच पाणी पिवळें होतें. आपल्या ग्रामपंचायतींना परिचित असलेली ‘ओ. टी. टेस्ट’ ती हीच. पण ह्या पिवळ्या रंगांत एक फसवणूक लपलेली होती. पाण्यांत अमोनिया असला तर क्लोरीन त्याच्याशीं संयोग पावून क्लोरामाइन बनतें. हें द्रव्य टिकाऊ खरें. म्हणूनच ओटावाच्या जोसेफ रेस ह्यांनीं १९१६-१७ च्या सुमारास तें मुद्दाम बनवून वापरलें. पण जंतु मारण्यांत तें मोकळ्या क्लोरीनपेक्षां फारच मंद. कसोटींत मात्र दोन्हींचा रंग पिवळाच! पहारेकरी जागा आहे कीं पेंगत आहे, हें त्या रंगावरून सहजासहजीं कळत नसे.

१९३९ त ए. ई. ग्रिफिन ह्या अमेरिकन संशोधकानें निरनिराळ्या पाण्यांत क्लोरीनचें प्रमाण पायरीपायरीनें वाढवीत नेलें, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसून आली. प्रथम शिल्लक क्लोरीन वाढत गेलें. मग अधिक घालावें तों शिल्लक कमी होऊं लागली! एका बिंदूपाशीं ती जवळजवळ तळाला गेली, आणि त्यानंतर घातलेला प्रत्येक कण मात्र पाण्यांत मोकळा राहूं लागला. उलगडा असा कीं, अमोनियांतील नत्राच्या वजनाच्या सुमारें पांचपट क्लोरीन होईपर्यंत क्लोरामाइन सांचत जातें. त्यापुढें घातलेलें क्लोरीन त्या क्लोरामाइनचाच नाश करतें, आणि नत्र बहुतांशीं वायुरूपानें निघून जातो. गणितानें हा बिंदु साडेसातपटींच्या थोडा पुढें येतो. व्यवहारांत दहापट क्लोरीनहि लागतें. जें क्लोरीन ‘हरवलें’ म्हणून लोक हळहळत होते, तें वास्तविक कामीं आलें होतें. पुढें १९५७ त इंग्लंडांतील पॅलिन ह्यांनीं गुलाबी रंगाची नवी कसोटी काढली, आणि मोकळें व बांधलेलें क्लोरीन वेगवेगळें मोजणें घरच्या माणसालाहि सुलभ झालें.

आतां पुन्हां त्या अंगणांतील तलावाकडे वळूं. बेर्तोलेनें पाहिलेलें ऊन तेथेंहि आपलें काम करीत असतेंच. भर उन्हांत उघडें क्लोरीन कांहीं तासांतच बहुतेक नाहींसें होतें. ह्यावर उपाय म्हणून १९५० नंतरच्या दशकांत सायन्यूरिक आम्लाचा वापर सुरू झाला. हें आम्ल क्लोरीनवर जणूं छत्री धरतें. पण दैवगति पाहा! तलाव हिवाळाभर झांकलेला राहिला आणि क्लोरीन संपलें, म्हणजे कित्येकदां जंतु त्या आम्लाचेंच विघटन करतात, आणि त्यांतून अमोनिया निर्माण होतो. छत्री तर गेलीच, वर तिच्या काड्यांचा भाला झाला. अशा पाण्यांत रोज मूठभर क्लोरीन टाकणें म्हणजे दर्यामें खसखस. ग्रिफिनचा तो बिंदु एकदां ओलांडल्यावांचून सुटका नाहीं.

मात्र दोषी ऊन कीं पाणी, हें आधीं ठरविलें पाहिजे. त्याची युक्ति अगदीं साधी आहे. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावें, आणि सूर्योदयापूर्वीं पुन्हां मोजावें. रात्रीं ऊन नसतें. तेवढ्या वेळांत दहा लक्ष भागांमागें एका भागाहून अधिक घट झाली, तर खाणारा पाण्यांतच आहे. रात्रीं घट नसून दिवसाच होत असेल, तर सूर्यनारायणाकडे बोट दाखवावें. आणखी एक सावधगिरी बाळगावी. क्लोरीन फारच झालें तर पॅलिनच्या कसोटीचा गुलाबी रंग उडून जातो, आणि भरलेलें भांडें रिकामें भासतें.

तलावाच्या कांठीं उग्र दर्प आला कीं क्लोरीन फार झालें असें आपण समजतों. बहुधा तो दर्प क्लोरामाइनचा असतो. म्हणजे क्लोरीन जास्त नसून अपुरें पडलेलें असतें. नाकाची साक्ष खोटी, डोळ्यांची साक्ष अपुरी, आणि अर्धवट मापाची साक्ष तर सर्वांत घातक. लिंकनच्या रोग्यांनीं प्यालेलें पाणी दिसावयास पाणीच होतें. म्हणून पाण्यांत आपण काय घातलें ह्यावर संतुष्ट न राहतां, सकाळीं त्यांत काय उरलें हें ज्यांनीं पाहावयास शिकविलें, त्यांचे आपण ऋणी आहों.