दारव्ह्याच्या पऱ्हाटीतल्या तीन अळ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्याचा कापसाचा इतिहास सांगायला सोपा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे दारव्हा मोतीबागवरून धावू लागली. आज तिला सगळे ‘शकुंतला’ म्हणून ओळखतात. इथल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या अळ्यांचा इतिहास मात्र ‘बोंडअळी’ या एका शब्दात गुंडाळला जातो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या मुख्य अळ्या तीन आहेत. त्यांचे पतंग वेगळे, सवयी वेगळ्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कपाशी सोडून त्या आणखी काय खातात तेही वेगळं. या भागाने बोंडअळीपुढे जे डाव गमावले त्यांत औषधाच्या तुटवड्यापेक्षा या तिसऱ्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

पतंगांचं शास्त्र सुरुवातीला अळीकडे फारसं बघत नव्हतं. टाचणीला टोचलेला पतंग पेटीत शंभर वर्षं टिकतो. अळी मेली की तिचा रंग उडतो, अंग आक्रसतं. जॉर्ज हॅम्पसनने हिंदुस्थानातल्या पतंगांवर १८९२ ते १८९६ या काळात चार जाडजूड खंड काढले, पण त्यांचा भर पंखांच्या शिरा आणि रेषा यांवर होता. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, भडोचकडून इंग्लंडला गेलेल्या नमुन्यांवरून. शेतकऱ्याची अडचण नेमकी उलटी होती. पतंग रात्री उडतो, तो त्याला दिसतच नाही. दिसते ती अळी, तीही नुकसान करून झाल्यावर. म्हणून हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या १९०६ च्या ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ या पुस्तकाला महत्त्व आहे. त्यात किडी पिकावार मांडल्या आहेत: कपाशीच्या या, भाताच्या या. कुळापासून न निघता झाडापासून निघायचं, ही रीत शेतात उभ्या असलेल्या माणसाची होती; पुस्तकाने ती उशिरा का होईना उचलली.

रूपावरून ओळखायचं म्हटलं तर रंग हा सर्वांत कच्चा पुरावा. गुलाबी बोंडअळी जन्मतः गुलाबी नसतेच. अंड्यातून निघते ती पांढुरकी, डोकं तपकिरी. गुलाबी रंग चढतो तो वाढीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे तिने सरकी खाऊन संपवत आणल्यावर. जिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात ती हिरवी, पिवळसर, तपकिरी, कधी गुलाबीसरसुद्धा असते. अंगाच्या बाजूंवरून गेलेले लांब पट्टे तेवढे तिची साक्ष देतात. ठिपक्यांची बोंडअळी त्या मानाने प्रामाणिक: आखूड, बोजड, अंगावर मांसल उंचवटे आणि काळे-नारिंगी डाग. रंगापेक्षा जास्त बोलतं ते झाड. पात्या-बोंडं यायच्या आधीच कोवळा शेंडा मान टाकतो, तेव्हा ठिपक्यांची अळी खोडात उतरलेली असते. बोंडाला मोठं गोल भोक, बाहेर विष्ठेचा ढीग, आणि डोकं आत, निम्मं अंग बाहेर अशी अळी दिसली तर ती हिरवी. फूल नीट न उमलता पाकळ्या चिकटून गुंडाळलेल्या राहिल्या, ज्याला डोमकळी म्हणतात, तर आत गुलाबी. बोंडात ती शिरते तेव्हा इतकी बारीक असते की तिचं भोक मागून बुजून जातं. बोंड बाहेरून साजरं दिसतं आणि वेचणीला हाती कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, येते.

पण झाडावरची ही चिन्हं अर्धीच ओळख देतात. हिरवी अळी हरभऱ्यावर घाटेअळी होते, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी. ज्या शिवारात कपाशीत तुरीचे तास असतात आणि रब्बीला हरभरा येतो, तिथे या एकाच अळीला बारमाही खाणावळ मिळते. ठिपक्यांची अळी भेंडी-अंबाडीच्या कुळापलीकडे फारशी जात नाही. गुलाबी तर जवळजवळ पूर्णपणे कपाशीवरच जगते. कपाशी नसेल तेव्हा ती सरकीत सुप्त पडून राहते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात. तिचा जगभरचा प्रवासही याच सवयीमुळे झाला: हिंदुस्थानातून इजिप्तला, तिथून मेक्सिकोला, आणि १९१७ मध्ये टेक्सासला. माग काढायचा तर त्यासाठी सरकीचं पोतं पुरेसं आहे.

आता २००२ कडे वळू. त्या वर्षी अळ्यांना मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः हिरवी अळी होती. १९८० च्या दशकात आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना तिने दाद देणं सोडलं होतं, आणि बाकीच्या दोघी तेव्हा मागे पडल्या होत्या. बीटीचं विष तिघींनाही लागू होतं. विष न खाल्लेल्या अळ्याही जगाव्यात आणि प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून शेजारी बिगर-बीटी कपाशीचा आश्रय पट्टा लावायचा नियम झाला. बियाण्यासोबत त्याचं वेगळं पाकीट यायचं. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. पुढे त्या पट्ट्यासाठी तुरीचंही बियाणं चाललं. हिरव्या अळीच्या हिशेबाने हे बरोबर होतं, कारण ती तूर आवडीने खाते. गुलाबी अळी तुरीला तोंड लावत नाही. तिच्यासाठी तो पट्टा पडीक जमिनीसारखा. त्यात दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि वेचणीनंतरही पाणी देऊन मार्चपर्यंत ओढलेलं पीक, म्हणजेच फरदड; यामुळे एकाच झाडावर जगणाऱ्या अळीचा उपासाचा काळच आपण काढून घेतला. गुजरातेत तिची प्रतिकारशक्ती २०१० मध्ये जाहीर झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या बोंडाबोंडात ती निघाली.

यावर एक रास्त आक्षेप असा की, हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे. शेतकऱ्याला अळीची जात कळून काय करायचं, फवारा तर सगळ्यांवर एकच. उलट आहे. बोंडाच्या आत बसलेल्या गुलाबी अळीपर्यंत फवारा पोचतच नाही, तो पोचतो फवारणाऱ्याच्या नाकातोंडात. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी केवळ गुलाबीसाठी नव्हती, रस शोषणाऱ्या किडींसाठीही होती, आणि डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणं, संरक्षक साधनांचा अभाव ही कारणंही खरीच. पण कोणत्या किडीसाठी काय मारतो आहोत हे न कळता मिश्रणं वाढत जातात, एवढं तरी मान्य करावं लागेल. दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा: खात्रीची ओळख हवी तर अळी पाळून पतंग निघू द्यावा, नाहीतर प्रयोगशाळेत द्यावी. नोंदीपुरतं ते बिनतोड आहे. पण पतंग निघायला आठवडे लागतात, आणि तेवढ्यात बोंड हातचं जातं.

खाद्यझाड बदललं की अळ्यांचा क्रमही बदलतो, हे दारव्ह्याच्या परिसराने सोयाबीनवरही पाहिलं. पेरा वाढला आणि २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तंबाखूवरची म्हणून ठाऊक असलेली अळी आणि उंटअळी सोयाबीनवर तुटून पडल्या. उंटअळी ओळखणं सोपं: पोटाखालचे पाय कमी, म्हणून पाठीची कमान करून चालते. त्या धक्क्यातून पुढच्या हंगामापासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. कपाशीवर नजर ठेवायला लावतात त्या कामगंध सापळ्यातही मादीच्या वासाची गोळी जातीनुसार घालावी लागते. गुलाबीची गोळी गुलाबीचेच नर ओढते, हिरव्या अळीचे पतंग त्या सापळ्याकडे फिरकतही नाहीत. गुलाबीच्या एका सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, की औषधाचा विचार करायचा असा संकेत आहे. सापळा नसेल तर वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. त्यांतल्या दोनांत अळी निघाली की दहा टक्के झाले. फोडलेल्या बोंडातली अळी तेव्हा बहुधा पांढरीच असते.